५ चे १० मेगाहर्ट्झ करणारे किट: डबलर झकास, बफर कच्चा

ओव्हनमधला (तापमान स्थिर ठेवलेला) चांगला ५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर हाताशी आहे, पण काउंटरपासून स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरपर्यंत सगळी उपकरणे १० मेगाहर्ट्झचा संदर्भ मागतात. अशांसाठी हे वारंवारता दुप्पट करणारे (डबलर) किट आहे. एका छोट्या पीसीबीवर एक इनपुट आणि चार आउटपुट. ट्रायफिलर (तीन तारांचा) ट्रान्सफॉर्मर, दोन शॉटकी डायोड, कॉमन-बेस जोडणीतला २एन३९०४, १० मेगाहर्ट्झचा टँक (त्या वारंवारतेला जुळवलेली कॉइल-कपॅसिटरची जोडी), शेवटी एमिटर फॉलोअर (आउटपुट चालवणारा बफर). याच नकाशाची किटे अनेक जण विकतात, त्यामुळे पुढचे बरेचसे त्या सगळ्यांना लागू आहे.

आधी एक भीती काढून टाकू. वारंवारता दुप्पट केली की फेज नॉइज (सिग्नलच्या फेजमधली बारीक थरथर) ६ डीबीने वाढतो. तो वाढणारच, २० लॉग २ म्हणजे ६.०२. पण वेळेतला जिटर पिकोसेकंदांत मोजला तर तेवढाच राहतो आणि अ‍ॅलन डेव्हिएशनही (वारंवारतेच्या स्थिरतेचे माप) बदलत नाही. क्वार्ट्झमध्ये क्यू (रेझोनन्स किती तीक्ष्ण याचे माप) आणि वारंवारता यांचा गुणाकार साधारण ठरलेला असतो. म्हणून ५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला जास्त क्यू मिळतो आणि वाहकाच्या अगदी जवळचा नॉइज दुप्पट केल्यावरही बहुधा फायद्याचाच ठरतो. डबलरची खरी परीक्षा वेगळीच आहे: आउटपुटमध्ये मूळ ५ मेगाहर्ट्झ किती शिल्लक राहतो?

हा अवशेष १० मेगाहर्ट्झच्या एकाआड एक शून्यछेदाला (लहर शून्य ओलांडते तो क्षण) पुढे-मागे ढकलतो. तो उणे ४० डीबीसी (मुख्य सिग्नलच्या तुलनेत डेसिबल) असेल तर सर्वात वाईट फेजमध्ये प्रत्येक छेद सुमारे १६० पिकोसेकंद सरकतो, एकदा इकडे, एकदा तिकडे. लागोपाठच्या दोन छेदांमधल्या अंतरात मग ३२० पिकोसेकंदांचा फरक दिसतो. काउंटरच्या हिस्टोग्रामला दोन उंचवटे आले की समजावे, अवशेष आहे. उणे ६० ला हेच सरकणे १६ पिकोसेकंदांवर येते.

डबलरच्या भागात या किटला पैकीच्या पैकी गुण. आदर्श पूर्ण-तरंग रेक्टिफायरमध्ये दुसरा हार्मोनिक शिखराच्या ०.४२४ पट मिळतो. चौथा त्याच्या १४ डीबी खाली असतो आणि मूळ वारंवारता शून्य. प्रत्यक्षात दोन बाजू कधीच तंतोतंत सारख्या नसतात. दोन अर्ध्या लहरींच्या उंचीत १ टक्का फरक पडला तरी ५ मेगाहर्ट्झ उणे ३९ डीबीसीवर हजर. इथे टँक कामाला येतो. कॉमन-बेसचा कलेक्टर करंट सोर्ससारखा वागतो, म्हणून लोडेड क्यू १० धरला तर ५ आणि २० मेगाहर्ट्झ दोन्ही आणखी २३.५ डीबीने खाली जातात. १ टक्क्याची विषमता असूनही अवशेष उणे ६२. डायोड जोडीने एकाच पॅकेजमध्ये दिले आहेत, हे शहाणपणाचे. सुटे वापरायचे तर निदान एकाच पट्टीतले घ्यावेत. २० मेगाहर्ट्झ उणे ३७ च्या आसपास राहतो. त्याने लहरीचा आकार थोडा बिघडतो, पण वेळेचा एकाआड एक घोळ होत नाही. सोडून द्या.

जोडणीत चुका होतात त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये. एफटी३७-४३ कोअरवर तीन तारा एकत्र पिळून ८ वेढे. सेकंडरीच्या एका तारेचे टोक दुसरीच्या सुरुवातीला जोडायचे, तोच मधला टॅप. सुरुवातीला सुरुवात जोडली तर दोन्ही डायोड एकाच अर्ध्या लहरीत चालतात. मग आउटपुटला १० निम्म्यावर येतो आणि ५ मात्र भरभरून. तिन्ही तारा एकाच लाल रंगाच्या दिल्यात, हा किटवाल्यांचा आळस. टोके कापण्याआधीच मीटरने ओळखून खुणा कराव्यात. डायोडनंतर जमिनीकडे जाणारा चोकही वगळू नये. रेक्टिफाय झालेल्या डीसी करंटला वाट मिळाली नाही तर कपलिंग कपॅसिटर चार्ज होतो आणि डायोड बंद पडतात.

इनपुट अधिक १३ डीबीएम हवे, म्हणजे ५० ओहमवर १ व्होल्ट आरएमएस. अधिक ७ वर शिखर जेमतेम ०.७ व्होल्ट. त्यातला मोठा वाटा डायोडच खातात आणि त्यांच्यातला फरक जास्त बोचतो. शिवाय डायोडचा वाकडातिकडा लोड थेट ऑसिलेटरच्या डोक्यावर येतो. इनपुटला बफर नाही, ही पहिली उणीव. ड्राइव्ह शिल्लक असेल तर मध्ये ३ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर घाला. रिटर्न लॉस (उलट परतणाऱ्या सिग्नलची घट) ६ डीबीने सुधारतो.

टँकसाठी टी५०-६ कोअरवर १६ वेढे, म्हणजे १ मायक्रोहेन्रीला थोडे वर. त्याला सुमारे २४७ पिकोफॅरड लागतात: २२० चा एनपीओ (तापमानाने जवळजवळ न बदलणारा कपॅसिटर) आणि बाकी ट्रिमर. कोअरची निवड उत्तम. या पिवळ्या कोअरचा तापमान गुणांक ३५ पीपीएम प्रति अंश आहे, क्यू १० ला तो अंशामागे सुमारे ६ पिकोसेकंद सरकवतो. इथे फेराइट किंवा एक्स७आर (तापमानाने बदलणारा सिरॅमिक कपॅसिटर) वापरला असता तर एसी चालू-बंद झाल्याचेही फेजच्या आलेखात दिसले असते. कपलिंगला मात्र ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स७आर चालतो, त्यावर चिडण्यात अर्थ नाही. ट्यूनिंग करताना प्रोब कलेक्टरवर लावू नये. दहापटीच्या प्रोबचे १२ पिकोफॅरड टँकला २ टक्क्यांहून जास्त खाली ओढतात आणि प्रोब काढला की शिखर हलते. आउटपुटला ५० ओहम लावून तिथेच शिखर शोधावे.

आता बफर. एकच एमिटर फॉलोअर आणि पुढे चार ५० ओहमचे रेझिस्टर, एवढेच. जाहिरातीत ‘चार आयसोलेटेड आउटपुट’ म्हटले आहे. ही थाप आहे. फॉलोअरचा आउटपुट इम्पिडन्स ५ ओहम धरला तर एका आउटपुटातून शिरलेला कचरा दुसऱ्यावर जेमतेम २६ डीबीने कमी होऊन पोहोचतो. एका उपकरणाची केबल काढली की उरलेल्या तिघांची फेज उडी मारते. तपासणी सोपी: एका आउटपुटात १० हर्ट्झने हटलेला सिग्नल सोडा आणि दुसऱ्यावर बाजूच्या रेषा पाहा. प्रत्येक आउटपुटाला स्वतंत्र कॅस्कोड (दोन ट्रान्झिस्टरचा बफर) हवा, एमिटरला बायपास न केलेला ३०-५० ओहमचा रेझिस्टर ठेवून. त्याने फ्लिकर नॉइजही आटोक्यात राहतो. तेवढी खटपट नको असेल तर एकच आउटपुट वापरून पुढे वेगळा डिस्ट्रिब्युशन अ‍ॅम्प्लिफायर लावावा.

सप्लायवर साधा तीन पायांचा रेग्युलेटर आहे. कलेक्टरवरचा रिपल ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्स हलवतो. ती नुसती ०.०१ पिकोफॅरडने हलली तरी १०० हर्ट्झवर उणे ७४ डीबीसीची रेषा उभी राहते. एलटी३०४५ सारखा कमी नॉइजचा रेग्युलेटर बसवला तर ही तक्रार मिटते.

काही विक्रेते याच कामासाठी एक्सऑर गेट आणि आरसी विलंबाचा बोर्ड देतात. अचूक संदर्भासाठी तो घेऊ नये. ५१-४९ ड्युटीचा (५१ टक्के वेळ वर, ४९ टक्के वेळ खाली) चौकोनी सिग्नल आला तर लागोपाठच्या आवर्तनांत ४ नॅनोसेकंदांचा फरक पडतो.

पेटीत ५० ओहमचे टर्मिनेटर नाहीत. रिकाम्या आउटपुटांसाठी तीन वेगळे घ्यावे लागतात.