गच्चीवरच्या खोलीला काच की पॉलिकार्बोनेट? दोन उन्हाळ्यांनंतरचे मत

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या गच्चीवर, कुंड्या आणि संध्याकाळचा चहा यांसाठी बारा बाय दहा फुटांची खोली काढताना भिंतींचा प्रश्न एका दिवसात सुटला. उजेड देणाऱ्या छताने मात्र दोन महिने खाल्ले. अखेर १० मिमी जाडीची, आत पोकळ नळ्या असलेली दुधी पॉलिकार्बोनेट शीट बसवली. तिच्याखाली दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे काढल्यानंतर हे लिहीत आहे.

काचेच्या छताची खोली ही मुळात थंड मुलखातली हौस. हिवाळ्याचे कोवळे ऊन आत यावे आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून ती बांधतात, आणि माहितीपत्रकांतही उष्णता बाहेर किती निसटते याचाच आकडा ठळक छापलेला असतो. आपली अडचण नेमकी उलटी आहे. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, दुपारचा सूर्य बरोबर माथ्यावर येतो. खिडकीवर तिरपे पडणारे ऊन छतावर सरळ उतरते. म्हणून दुकानदाराला विचारायचे ते एवढेच, की पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते. ६ मिमीच्या साध्या पारदर्शक काचेतून ती सुमारे ८० टक्के येते. छतासाठी मी ३० टक्क्यांच्या वरची काच घेणार नाही.

नात्यातल्या एका घरी पारदर्शक टफन, म्हणजे तापवून कणखर केलेल्या, काचेचे छत आहे. दिसायला देखणेच, पण मार्च लागला की त्यावर हिरवी शेडनेट चढते, ती जूनमध्येच उतरते. शिवाय डोक्यावर नुसती टफन काच असूच नये. फुटल्यावर तिचे बोथट, बारीक तुकडे होतात हे खरे, पण ते सगळे खालीच येतात. लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचा एकमेकींना चिकटवलेल्या, काचेत मधल्या पीव्हीबी या प्लास्टिकच्या पापुद्र्याला तुकडे चिकटून राहतात. मात्र ६ अधिक ६ मिमीची अशी काच चौरस मीटरला ३० किलो भरते, तर आमची शीट दोन किलोही नाही. काचेसाठी लोखंडी सांगाडाच वेगळा करावा लागला असता, आणि जुन्या स्लॅबवर तेवढे ओझे टाकायची माझी तयारी नव्हती.

दुधी शीटचा उजेड मऊ आणि पसरलेला असतो, कुंड्यांना तो मानवला आहे. ब्राँझ रंग मी टाळला, कारण गडद शीट स्वतः तापते आणि तो ताप खाली सोडते. तरीही एप्रिल-मेमध्ये बारा ते चार या वेळेत खोलीत बसवत नाही. छताच्या उंच कडेखाली जाळीची झडप ठेवून गरम हवेला वाट करून दिली, तेव्हा कुठे थोडा दिलासा मिळाला. वळवाच्या सरीत मात्र शीटवर इतका ताशा वाजतो की फोनवर बोलणे अशक्य होते.

खरी तक्रार बसवणाऱ्याविषयी आहे. पॉलिकार्बोनेट दर मीटरला, दर अंशाला ०.०६५ मिमी वाढते. म्हणजे ३ मीटरची शीट ४० अंशांच्या फरकाने जवळजवळ ८ मिमी लांबते. त्याने स्क्रूएवढीच भोके पाडून शीट घट्ट आवळली. पहिल्याच एप्रिलमध्ये सकाळी ऊन चढताना कट् कट् आवाज येऊ लागला, आणि पंधरा दिवसांत एका भोकापासून बोटभर चीर गेली. दुसऱ्या वेळी मी स्वतः उभे राहून भोके मोठी करून घेतली, रबरी वॉशर लावून घेतले, आणि अतिनील किरणांपासून संरक्षण देणारा थर असलेली बाजू आकाशाकडे आहे ना, हे शीटवर चिकटवलेल्या फिल्मवरची छपाई वाचून तपासले.

एक चूक मात्र तेव्हाही नजरेतून सुटली. नळ्यांच्या वरच्या तोंडाला ॲल्युमिनियमची टेप आणि खालच्या तोंडाला हवा खेळणारी टेप हवी; त्याने खालची तोंडे सिलिकॉनने बुजवली होती. आत वाफ साठली. सिलिकॉन खरवडून काढले, पाण्याचा फवाराही मारला, तरी दोन नळ्यांत शेवाळाची हिरवी रेघ अजून दिसते.