यात्रेची खास गाडी: स्लीपर की थर्ड एसी?

एफटीआरची, म्हणजे पूर्ण भाडं भरून अख्खा डबा किंवा गाडी घ्यायच्या रेल्वेच्या सोयीची नोंदणी, डब्यामागे ५०,००० रुपयांची अनामत, हे मंडळांना ठाऊक असतंच. घोडं अडतं ते डबे ठरवताना. काशी-प्रयागच्या यात्रेला आम्ही दोन्ही प्रकार वापरले आहेत.

पैशाच्या बाबतीत स्लीपरला तोड नाही. थर्ड एसीचं भाडं साधारण अडीच पट, आणि बर्थ रिकामा राहिला तरी पैसे पूर्ण डब्याचे. एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या डब्यांत, स्लीपरमध्ये ८० माणसं, थर्ड एसीत ७२. दिवाळीनंतरच्या हवेत उघड्या खिडकीशी भजनही छान रंगतं. मात्र वाचलेल्या पैशांत आपला आचारी डब्यातच शिजवेल, हा हिशेब मांडू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या डब्यात लपवून नेलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले.

माझं मत फिरलं ते रात्रींमुळे. खास गाडी बाहेरून नेहमीच्या गाडीसारखीच दिसते. इटारसी, सतना, माणिकपूर, कुठेही थांबली की फलाटावरची माणसं स्लीपरकडे धावतात. दारावर मंडळाचा फलक लावा, आतून कडी घाला, तरी दार धडधडतं, खिडकीच्या गजांतून हात आत येतो, "भैया, बस अगले स्टेशन तक." त्यांचीही नड खरी असते. पण आतल्या आजी दचकून उठतात आणि पिशवी पोटाशी धरून पहाटेपर्यंत बसून राहतात. सेवेकऱ्यांना दाराशी पाळ्या लावाव्या लागतात, आणि सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर ज्येष्ठांचा हात धरायला हीच तारवटल्या डोळ्यांची पोरं.

थर्ड एसीत हे पूर्ण थांबतं असं म्हणणार नाही. पण खिडक्या बंद, आत काचेचं दुसरं दार. चुकून कोणी चढलाच तर दोन शब्दांत उतरतो. गारठ्याची तक्रार येते, ती अटेंडंटला सांगून मिटते. थर्ड एसीचाच इकॉनॉमी प्रकार थोडा स्वस्त, पण माणसं जास्त आणि संडास तेवढेच. पहाटे सगळ्यांनाच एकदम आवरायचं असतं.

तरुण मंडळी असतील तर स्लीपर खुशाल घ्या. साठीपुढचे निम्म्याहून जास्त असतील, तर मी वर्गणी वाढवून, हवं तर एक मुक्काम कमी करून, थर्ड एसीच घेईन. दोन्ही डबे मिळत असतील तर ज्येष्ठांना एसी, सेवेकऱ्यांना स्लीपर.