प्रीमियर पद्मिनी: बडोद्यात घ्यायची तर आधी पत्रा बघा

जुनी गाडी हवी आणि हाताशी दोनेक लाख असतील, तर आमचा कौल प्रीमियर पद्मिनीला. त्याच जमान्यातली स्टँडर्ड हेराल्ड देखणी आहे, पण तिचे पार्ट शोधताना जीव मेटाकुटीला येतो. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००: १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, स्टिअरिंगलगतचा हँड गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. जुन्या मिस्त्र्यांना ती तोंडपाठ आहे.

गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकत बसतं. इंजिन दुरुस्त होतं हो, सडलेला पत्रा खिसा रिकामा करतो. या गाडीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही; बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून रनिंग बोर्ड आणि फ्लोअर आधी तपासा. पातळ फडक्यात चुंबक गुंडाळून फिरवा. पकड सुटली की तिथे पुट्टी आहे. मग एका बाजूला जॅक लावून त्या बाजूचे दरवाजे उघडझाप करा. दरवाजा अडकला तर बॉडी वाकते आहे. अशी गाडी फुकट मिळाली तरी महागच.

बडोद्यात आणखी एक तपासणी हवीच. जुलै २०१९ च्या अखेरीस आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं होतं. बुडालेली गाडी धुऊनपुसून चकाचक करता येते, पण गाळ आडोशाला उरतोच. मागच्या सीटची गादी उचलून स्प्रिंगा बघा, डिकीतलं मॅट काढून कोपरे चाचपा, दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात ती तारेनं टोकरा. तारेबरोबर बारीक मातकट पूड आली तर वायरिंगही भिजलेलं असू शकतं. वायरिंगच्या तारांची टोकं हिरवी पडली आहेत का बघा. पडली असतील तर तिथेच व्यवहार थांबवा.

पुढचं चाक उचलून वरून-खालून धरा आणि हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंग पिन, म्हणजे ज्यांवर पुढची चाकं वळतात त्या पिना, गेलेत. वेळच्या वेळी ग्रीस न केल्याचा हा परिणाम. इंजिन मात्र थंड असतानाच सुरू करून घ्या. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर संध्याकाळी पुन्हा जा. रेस देताना निळा धूर सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. बराच वेळ उभी असलेली गाडी सुरू करताना क्षणभरच आला तर बहुधा व्हॉल्व्हचं काम. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, ॲल्युमिनियमचं आहे; गाडी एकदा जास्त तापली की ते वाकू शकतं आणि त्याखालचं गॅस्केट जातं. म्हणून रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का, तेही बघा.

डिझेल पद्मिनीच्या वाटेला जाऊ नका, तिच्या इंजिनाचे पार्ट सहज मिळत नाहीत.

कागदांत चेसिस आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर ५ वर्षांनी नूतनीकरण; ते राहिलं असेल तर विकणाऱ्याकडूनच करून घ्या. परराज्यातली असेल तर आधीच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

दोन लाखांतले चाळीसेक हजार मागे ठेवा. त्यातून आधी ब्रेकचे होज (रबरी नळ्या) आणि व्हील सिलिंडरचे किट बदला. पंपांवर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर फुगतं, म्हणून पेट्रोलची नळी आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रामही नवा घाला. रंग त्यानंतर.