रोहू-कटल्याचं बीज काढायचंय: ग्रंथीचा अर्क की तयार इंजेक्शन?

रोहू, कटला, मृगळ हे कार्पजातीचे मासे तळ्यात मजेत वाढतात, पण साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. ही अडचण भारतात पहिल्यांदा सुटली १० जुलै १९५७ रोजी. ओडिशात अंगुल इथं हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून कार्पजातीच्या माशाकडून अंडी मिळवली. म्हणून १० जुलै हा मत्स्य शेतकरी दिन.

ती पद्धत आजही चालते. बाजारातल्या पक्व माशांच्या डोक्यातून, मेंदूच्या खालची ही ग्रंथी अलगद काढायची, अल्कोहोलमध्ये ठेवायची, लागेल तेव्हा पाण्यात घोटून वरचं निवळ पाणी सिरिंजमध्ये ओढायचं. खर्च कमी. पण ग्रंथी अपक्व माशाची निघाली तर जोर कमी पडतो, आणि बाटलीकडे बघून ते कळत नाही.

खरा त्रास रात्रीचा. मादीला आधी वजनाच्या किलोमागे २-३ मिलिग्रॅम ग्रंथी, सहा तासांनी पुन्हा ५-८ मिलिग्रॅम; नराला एकदाच, मादीच्या दुसऱ्या डोसाबरोबर. म्हणजे संध्याकाळी टोचलेली चार किलोची कटला मध्यरात्री विजेरीच्या उजेडात पुन्हा हाप्यातून (पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातून) उचलायची. ती उसळते, खवले निघतात, आणि दमलेली मादी कधी अंडीच सोडत नाही.

ओव्हाप्रिमसारख्या तयार इंजेक्शनचं काम वेगळं. ग्रंथीचा अर्क बाहेरून संप्रेरक पुरवतो, तर हे औषध माशाच्या स्वतःच्या ग्रंथीला ते सोडायला लावतं. एरवी मेंदूतलं डोपामिन हे सोडणं अडवून धरतं. ती अडवणूक काढायला त्यात डॉम्पेरिडोन असतं, उलटीवर आपण घेतो तेच. नर-मादीला एकाच वेळी, एकदाच टोचायचं. रोहूच्या मादीला किलोमागे साधारण ०.३ ते ०.४ मिली, नराला त्याहून कमी. तीन किलोच्या मादीला जेमतेम एक मिली. बाटली महाग वाटते, पण वाचलेली मादी पुढच्या वर्षीही उपयोगी पडते, हे हिशेबात धरा.

नव्या माणसानं तयार इंजेक्शनच घ्यावं, असं मी ठामपणे सांगेन. जवळ मोठा मासळीबाजार आणि ग्रंथी काढणारा सरावाचा हात असेल तरच अर्काचा विचार करा.

मात्र यातलं कुठलंही औषध कच्च्या मादीला पिकवत नाही, आणि पैसे बुडतात ते बहुतेक इथेच. मादीचं पोट हाताला मऊ लागलं पाहिजे, नराच्या छातीचा पर खरखरीत हवा आणि पोट हलकं दाबताच पांढरं वीर्य यायला हवं. पाणी २६ ते ३१ अंशांत असावं. आभाळ भरून आलंय, सरी पडतायत, असा दिवस मिळाला तर सोडू नका. टोचणी त्याच संध्याकाळी करा.