लाइनची गाडी की उसाची?

सांगलीत ड्रायव्हरपुढं दोन वाटा. मार्केट यार्डातून हळद-बेदाणा भरून दिल्लीची लाइन, म्हणजे लांबची खेप, मारायची, नाहीतर कारखान्याला ऊस ओढायचा. लाइनला पैसा बरा, पण खंबाटकीचा बोगदा ओलांडला की घर मागं पडतं. ताडपत्रीचे दोर आवळून हाताला घट्टे, जेवण ढाब्याचं. दर थांब्याला टायर ठोकून आवाज ऐकायचा. बद्द आला म्हणजे हवा कमी, की गाडी बाजूला, मग पार्टीचे, म्हणजे मालवाल्याचे, फोन कितीही येऊ देत.

उसाला गाव जवळ, भाकरी घरची. पण काम हंगामापुरतं, मार्च-एप्रिलपर्यंत, तेही कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रात्र-रात्र नंबर लावून. पोरं झोपल्यावरच घरी पोचायचं, तर जवळ राहून उपयोग काय? मी लाइनच धरली. बायकोचं मत वेगळं आहे.