एकाच्या तोंडून की दोघांच्या? वायए प्रेमकादंबरी निवडताना

इंग्रजी वायए (यंग अॅडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या) रोमान्सच्या कप्प्यासमोर उभं राहिलं की बहुतेक जण आधी ट्रोप, म्हणजे कथेचा ठरलेला साचा, बघतात. फेक डेटिंग आहे का, आधी भांडण आणि मग प्रेम आहे का, शेजारचा मुलगा आहे का. मग मुखपृष्ठ, मग रील्सवर कुठल्या पुस्तकाचं नाव सारखं येतंय ते. गोष्ट कोण सांगतंय, हे क्वचितच कुणी बघतं. स्वतःसाठी घेताना एकवेळ चालेल. पण पुस्तक दुसऱ्या कुणाला सुचवायचंय, तो वाचणारा मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातला आहे आणि वाचन बहुतेक लोकलमध्येच होणार आहे, तर पुस्तक पूर्ण होणार की चाळिसाव्या पानावर दुमडून राहणार, हे निवेदकावर बरंच ठरतं असं माझं मत आहे.

निवड मुख्यतः दोन प्रकारांत आहे. एकात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच जण ‘मी’ म्हणून बोलतो, बहुधा ती. दुसऱ्यात एक प्रकरण तिचं, एक त्याचं, ज्याला ड्युअल पीओव्ही (पॉइंट ऑफ व्ह्यू) म्हणतात. पहिल्याची सगळ्यांना ठाऊक असलेली उदाहरणं म्हणजे जेनी हानची लारा जीनवरची तीन पुस्तकं (२०१४, २०१५, २०१७) किंवा जॉन ग्रीनचं ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ (२०१२). दुसऱ्यासाठी निकोला यूनचं ‘द सन इज ऑल्सो अ स्टार’ (२०१६) घ्या. तिथे नताशा आणि डॅनिअल आळीपाळीने बोलतात.

एका निवेदकाच्या पुस्तकाचं खरं बळ न कळण्यात आहे. त्याने मेसेज का केला नाही, तो हसला तो माझ्याकडे बघून की मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीकडे बघून, हे तिला कळत नाही आणि वाचणाऱ्यालाही कळत नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी प्रेम आतून असंच असतं. तीनशे पानं ओढून नेणारं इंजिन हेच. शिवाय अशा पुस्तकाची पारख लवकर होते. पहिली तीन पानं वाचा. आवाज आवडला तर पुस्तक आवडेल, नाही आवडला तर पुढे फारसा फरक पडत नाही.

उणीव तितकीच ठळक आहे. ‘तो’ पुठ्ठ्याचा होऊन बसतो. उंच, शांत, डोळ्यांत काहीतरी दुःख, आणि ऐन वेळी योग्य तेच बोलणारा. लेखिका कुशल असेल तर त्याच्या घरचं, त्याच्या रागाचं, त्याच्या चुकांचं काहीतरी तिच्या नजरेच्या कडेने दिसतं. नसेल तर शेवटपर्यंत तो पोस्टरच राहतो.

दोन निवेदकांचं पुस्तक ही उणीव भरून काढतं, हे मान्यच करायला हवं. तोही घाबरतो, तोही मेसेज लिहून खोडतो, त्याच्याही आईचं आजारपण आहे, हे त्याच्याच तोंडून कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुलगे असं पुस्तक हातात घेतात. गुलाबी मुखपृष्ठाकडे ढुंकूनही न बघणाऱ्या नववी-दहावीतल्या मुलाला निम्मं पुस्तक एका मुलाच्या डोक्यातलं आहे असं सांगितलं, तर तो निदान उघडून तरी बघतो. आधी भांडण आणि मग प्रेम या प्रकारातही दोन बाजू खुलतात. तिला जो अपमान वाटला तो त्याच्या लेखी गोंधळ होता, हे लगेच पुढच्या प्रकरणात बघायला मजा येते.

पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच दोघांनाही दोघं आवडतात हे कळून चुकतं. मग उरलेली अडीचशे पानं कशावर चालवायची? चांगल्या पुस्तकात बाहेरचा अडथळा असतो. घर सोडून जावं लागणार असतं, परीक्षा असते, आजारपण असतं. बऱ्याच पुस्तकांत मात्र फक्त गैरसमज असतो, आणि पाऊण पुस्तक झाल्यावर येणारा तो ठरलेला दुरावा. दोघं बाकावर पाच मिनिटं बसून बोलले असते तर मिटलं असतं, हे वाचणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊक असल्यामुळे जास्तच बोचतं.

इथपर्यंत पारडी जवळजवळ सारखीच आहेत. माझ्यापुरता निकाल लागला तो एका बारीक कटकटीमुळे, आणि ती मराठी वाचकाला जास्तच जाणवते असं वाटतं.

ड्युअल पीओव्हीमध्ये कोण बोलतंय त्याचं नाव फक्त प्रकरणाच्या डोक्यावर छापलेलं असतं. पानाच्या वरच्या ओळीत बहुधा एका बाजूला लेखिकेचं नाव असतं आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकाचं. आता हिशोब करा. पानावर अडीचशे ते तीनशे शब्द असतात. इंग्रजी ही दुसरी भाषा असलेला वाचक मिनिटाला दीडशे शब्द वाचतो असं धरलं, तर पानाला दोन मिनिटं आणि बारा पानांच्या प्रकरणाला पंचवीस मिनिटं लागतात. ठाण्याहून दादरला फास्टने अर्ध्या तासाच्या आसपास. त्यातली पहिली काही मिनिटं उभं राहायला जागा करून पुस्तक बॅगेतून काढण्यात जातात. म्हणजे एक प्रकरण जेमतेम बसतं, आणि जरा उशीर झाला की उतरायची वेळ येते ती प्रकरणाच्या मध्येच.

संध्याकाळी परतताना तेच पान उघडलं की समोर असतं, ‘आय सॅट डाउन ऑन द बेड अँड स्टेअर्ड अॅट द सीलिंग.’ कोण बसलं? ती की तो? इंग्रजी ‘आय’ काहीच सांगत नाही. मराठीत ‘मी पलंगावर बसले आणि छताकडे बघत राहिले’ म्हटलं की एका मात्रेत माणूस उभा राहतो, ‘बसलो’ म्हटलं की दुसरा. ‘मी पुस्तक वाचलं’ किंवा ‘मला आवडलं’ यातून मराठीतही कळत नाही, पण दोन वाक्यं पुढे ‘गेले’ किंवा ‘गेलो’ येतंच. (कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो’ म्हणतात, तो गोडवा वेगळा.) आपल्या कानाला क्रियापदातून माणूस ओळखायची सवय लहानपणापासून लागलेली असते. इंग्रजीत तो आधार सुटतो. दोघं समोरासमोर असतील तर ‘हिम’ किंवा ‘हर’वरून उलगडतं. पण बोलणारं पात्र एकटं असलं, किंवा मित्रमैत्रिणींच्या घोळक्यात असलं, की पानं मागे उलटून प्रकरणाचं डोकं शोधावं लागतं. कुर्ल्याला चढणाऱ्या गर्दीत एका हाताने कडी धरलेली असताना हे अंगठ्याने करणं सोपं नाही. ई-रीडरवरही पडद्याला टॅप करून प्रकरणांची यादी काढावी लागते. दोन मुलींची किंवा दोन मुलांची प्रेमकथा असेल, आणि आता अशा चांगल्या वायए कादंबऱ्या बऱ्याच आहेत, तर सर्वनामही मदतीला येत नाही.

माझ्यासारख्या सरावलेल्या वाचकाचं यात अर्धं मिनिट जातं. नवखा वाचक मात्र तीन-चार वेळा असा अडला की पुस्तकाला दोष देत नाही. ‘मला इंग्रजी जमत नाही’ असं तो ठरवून टाकतो. गाठ रचनेत असते आणि खापर तो स्वतःच्या इंग्रजीवर फोडतो. पहिलंच पुस्तक असं सुटलं की दुसरं हातात द्यायला फार वेळ लागतो. म्हणून नव्या वाचकासाठी माझा कल एका निवेदकाकडे आहे. ‘मी’ म्हणजे लारा जीन, हे एकदा कळलं की तीन पुस्तकं तीच.

याला अपवाद आहेत, आणि ते सांगितले नाहीत तर अन्याय होईल. दोन बाजू असूनही निवेदन ‘मी’मध्ये नसेल तर ही अडचण बरीचशी नाहीशी होते. संध्या मेनन यांचं ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ (२०१७) दोघांच्या आलटून पालटून दिसणाऱ्या नजरेतून जातं, पण तृतीयपुरुषी. वाक्यावाक्यात नाव किंवा ‘शी’, ‘ही’ येत राहतं, त्यामुळे मधूनच उघडलं तरी चुकामूक फारशी होत नाही. नावंही ओळखीची. दोन्ही बाजू हव्यातच असतील तर मी आधी या प्रकाराकडे बोट दाखवेन. ध्वनिपुस्तकात दोघांना वेगवेगळे आवाज दिलेले असले की प्रश्नच उरत नाही. कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यासाठी माझा सगळा युक्तिवाद रद्द धरा. काही प्रकाशक दोघांसाठी दोन वेगळे टाइप वापरतात, तिथेही काम भागतं.

ड्युअल पीओव्ही घ्यायचंच ठरलं, तर दुकानात एक चाचणी करा. पहिलं आणि दुसरं प्रकरण उघडा, डोक्यावरचं नाव बोटाने झाका आणि प्रत्येकी मधलाच एक परिच्छेद वाचा. कोण बोलतंय ते तीन-चार ओळींत कळलं पाहिजे. एक लांब वाक्यं बोलतो, दुसरी तुटक. एकाला प्रत्येक गोष्टीत आकडे दिसतात, दुसरीला रंग. दोघंही सारखंच चुरचुरीत बोलत असतील तर लेखिकेने आवाज एकच लिहिलाय आणि नावं दोन दिली आहेत. ते ठेवून द्या. फोर्टच्या ‘किताबखाना’ या दुकानात हे निवांत करता येतं. हुतात्मा चौकाच्या किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तेवढी उसंत नसते, पण दोन मिनिटं मिळतातच.

फुटपाथवर आणखी एक गोष्ट तपासा. पायरेटेड प्रतीत कधीकधी सोळा पानांचा अख्खा फर्मा (एकत्र छापून दुमडलेला पानांचा गठ्ठा) गायब असतो किंवा दोनदा लागलेला असतो. वाक्य दोन्ही प्रकारांत मध्येच तुटू शकतं, पण एका निवेदकाच्या पुस्तकात ते लगेच खटकतं. दोन निवेदकांच्या पुस्तकात मात्र गोष्ट तिच्या प्रकरणातून तिच्याच पुढच्या प्रकरणात जाते, त्याची पाळी हरवलेली असते, आणि वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच काही कळलं नाही. दर सोळा पानांनी पटकन अंक बघत जा: १६, ३२, ४८. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

वयाचं थोडक्यात. वायए साधारण १२ ते १८ वर्षांच्या वाचकांसाठी असतं. त्याच्या पुढचं न्यू अॅडल्ट, म्हणजे कॉलेज आणि त्यानंतरचं वय, आणि त्यात शरीरसंबंध बरेच उघड असू शकतात. ‘मी’मधलं ड्युअल पीओव्ही तिकडे फार रूढ आहे, आणि कार्टूनसारखी चितारलेली मुखपृष्ठं दोन्हीकडे सारखीच दिसतात. चौदा वर्षांच्या मुलीसाठी घेताना मागच्या बाजूला बारकोडजवळ ‘यंग अॅडल्ट’ छापलंय का बघा. नसेल तर पात्रांचं वय शोधा. नायक-नायिका हायस्कूलमध्ये असायला हवेत. अमेरिकेत नववी ते बारावीला अनुक्रमे फ्रेशमन, सोफोमोर, ज्युनिअर, सीनिअर म्हणतात, एवढं ठाऊक असलं की मलपृष्ठावरच्या चार ओळींत उत्तर मिळतं. नायिका नोकरीला असेल आणि तिचा स्वतःचा फ्लॅट असेल, तर ते वायए नाही. सुरुवातीच्या पानांवर मृत्यू, आत्महत्या, मारहाण यांबद्दल सूचना असेल तर ती वाचणाऱ्यालाही आधीच सांगावी. त्याने गोष्टीची मजा जात नाही.

दोन निवेदक म्हणजे दोन घरं आणि दोन मित्रमंडळं. नावं सहज वीसच्या घरात जातात. अशा पुस्तकासोबत मी कोऱ्या कार्डाचा बुकमार्क देतो. त्यावर मधोमध उभी रेघ, डावीकडे तिची माणसं, उजवीकडे त्याची, आणि खाली मोकळी जागा. वाचन थांबवताना तिथे पेन्सिलीने फक्त ‘ती’ किंवा ‘तो’ लिहायचं. कटकट निम्म्याने कमी होते, हे मी खात्रीने सांगू शकतो. पेन्सिल मात्र बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायला सांगा, नाहीतर दादर येईपर्यंत ती सापडत नाही.

तेव्हा सरावलेल्या वाचकाने आपल्या आवडीप्रमाणे घ्यावं. मुलाला रोमान्सकडे वळवायचं असेल तर दोघांचं द्यावं, शक्यतो तृतीयपुरुषी. पहिल्यांदाच इंग्रजी कादंबरी हातात घेणाऱ्यासाठी मी पहिली तीन पुस्तकं एकाच निवेदकाची निवडेन, तीनशे पानांच्या आतली, आठ-दहा पानांची प्रकरणं असलेली. चौथं दोघांचं, कार्डासकट.