व्हे प्रोटीन : पावडर भारी, पण पिंपल्सवाल्यांनी जरा दमानं

चॉकलेट फ्लेवरचा एक किलोचा डबा मागवला होता, ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण जे लिहितोय ते कुठल्याही व्हेला लागू होतं. आधी चांगलं सांगतो. गार पाण्यात शेकर दोनदा हलवला की विरघळतं, गुठळ्या होत नाहीत, चव पण ठीक, फार गोडमिट्ट नाही. स्कूपला २४ ग्रॅम प्रोटीन. पोट फुगणं वगैरे काही त्रास नाही, जिमवरून आल्यावर भूक भागवायला एक नंबर.

आता खरी भानगड. डबा अर्धा होईस्तोवर जबड्याच्या कडेला आणि पाठीवर मुरमं यायला लागली, ती पण साधी पांढऱ्या तोंडाची पुटकुळी नाही तर आत गाठ असल्यासारखी, जाम दुखरी, कुशीवर झोपलं की ठणकायची. आई म्हणाली उष्णता झालीये, सब्जा घे. ट्रेनर म्हणाला भावा पाणी कमी पडतंय. शेवटी स्किनच्या मॅडमकडे गेलो तर त्यांनी चेहरा बघितला आणि पहिलाच प्रश्न टाकला, पावडर घेतोस का? म्हणजे जिमची पोरं त्यांच्याकडे रांग लावून येत असणार.

व्हे म्हणजे पनीर करताना खाली जे हिरवट पाणी उरतं ना, त्यातलं प्रोटीन. त्यात साखर नसली तरी ते इन्सुलिन चांगलंच वाढवतं, सोबत आयजीएफ-१ नावाचं हार्मोन पण, आणि मग त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात. त्यामुळे दुकानदार जे सांगतो की आयसोलेट (जास्त गाळून शुद्ध केलेलं व्हे) घे, त्यात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर जवळपास नसते, ते पोट बिघडणाऱ्यांसाठी बरोबर आहे, मुरमांसाठी त्याचा उपयोग शून्य कारण प्रोटीन तेच, वर पैसे जास्त. सगळ्यांनाच होतं असं नाही हां, पण २०१२ मध्ये अमेरिकेत व्हे घेणाऱ्या पाच खेळाडू पोरांच्या अशाच केसेस छापून आल्यात.

आणि आपल्याकडे सगळे तेलकटाला शिव्या घालतात ते पण जरा बघा. २००७ च्या ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात ४३ पोरांपैकी ज्यांना १२ आठवडे रक्तातली साखर झटकन न वाढवणारं खाणं दिलं त्यांची मुरमं बाकीच्यांपेक्षा जास्त कमी झाली. म्हणजे वडापावमध्ये वड्यापेक्षा त्या मैद्याच्या पावावर संशय घ्या (चटणी निर्दोष आहे).

सध्या व्हे बंद, रात्री मॅडमनी दिलेलं अ‍ॅडापलीन नावाचं मुरमांवरचं जेल. नवीन गाठी थांबल्यात, डाग आहेत अजून, आता फरक बंद केल्याने की जेलने ते छातीठोक नाही सांगू शकत. प्रोटीनला उकडलेली अंडी, मटकी आणि सोयाबीनच्या वड्या, कोरड्या १०० ग्रॅम वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन निघतं आणि किंमत डब्याच्या पासंगालाही पुरत नाही, फक्त रस्सा जमला पाहिजे.

पावडर म्हणून ५ पैकी ४, माझ्या तोंडासाठी १. आधीच मुरमांचा त्रास असेल तर थेट किलोचा डबा घेऊ नका, एक-दोन सॅशे घेऊन बघा असंही म्हणणार नाही कारण एवढ्यात काही कळत नाही, आधी स्किनवाल्यांना विचारा. उरलेला डबा मावसभावाला दिलाय, तो दिवसाला दोन स्कूप मारतो आणि साहेबांच्या गालावर एक पुळी नाही.